शालीचा नकाशा

तासगाव तालुक्यात गावनकाशा वाचता न येणारा शेतकरी सापडणे दुर्मीळ. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अंमलदारांनी महसुली मोजणीची जी पद्धत घालून दिली, ती मुंबई इलाख्यात सर्वदूर पसरली. आणि १८४८ मध्ये पटवर्धनांचे तासगाव संस्थान कंपनी सरकारने खालसा केल्यावर या मुलखातील शिवारेही यथाकाल त्याच पद्धतीने कागदावर उतरली. तेहतीस फुटांची ती साखळी, तिचे सोळा आणे, आणि एका साखळीच्या चौरसाचा एक गुंठा, हा हिशेब येथे शाळेची पायरी न चढलेल्या माणसालाही तोंडपाठ असे. वहिवाटीचा तंटा उपस्थित होऊन दप्तरातील नकाशाची नक्कल चावडीत पसरली गेली, की विहीर कोठे, बांध कोठे वळतो, शेजाऱ्याचा गट कोठे संपतो, हे स्वतःला अक्षरशत्रू म्हणविणारा वृद्धही बिनचूक बोट ठेवून दाखवीत असे. कारण नकाशाला भाषा लागत नाही, चिन्हांचा करार तेवढा ठाऊक असावा लागतो.

याच परिसरात रेखाचित्र वाचण्याची दुसरी एक शाळा १९१० मध्ये उघडली गेली. औंध संस्थानच्या हद्दीत, कुंडलजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना व वसाहत उभारली. ते स्थान आज पलूस तालुक्यात मोडते आणि पलूस हा तालुका पूर्वी तासगावचाच भाग होता. लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकार होण्यासाठी गेले होते. परंतु रंग ओळखण्यात दृष्टी कमी पडते असे आढळून आल्यामुळे त्यांना तो अभ्यासक्रम सोडावा लागला आणि पुढे त्यांनी व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यंत्ररेखनाचे अध्यापन केले. यंत्ररेखनाला रंगाची गरज नसते. पांढऱ्या कागदावरील काळी रेघ आणि तिचा सर्वांनी मान्य केलेला अर्थ एवढ्यावर नांगर, पंप आणि चरक तयार होतात. आसपासच्या खेड्यांतील किती तरी कुणबी तरुण या कारखान्यात कागदावरची आकृती वाचून लोखंड घडविण्यास शिकले.

शेतकरी नकाशा वाचतो, कारागीर यंत्राची आकृती वाचतो. मात्र त्याच घरातील स्त्री क्रोशाची सुई घेऊन तोरण, रुमाल किंवा शाल विणावयास बसते तेव्हा तिच्यासमोर कागद असावा असे कोणालाच कधी वाटले नाही. तिची विद्या हातातून हातात जात आली. माझ्या आत्याच्या संग्रही जुन्या चौपदरी वहीच्या पानांना टाचलेल्या विणींच्या पट्ट्या होत्या: शिंपला, पंखा, अननस, जाळी. नवी वीण शिकावयाची म्हणजे ती पट्टी उजेडाकडे धरून खांब (विणीतले उभे टाके) मोजावयाचे, आणि जेथे डोळ्यांना उलगडा होईना तेथे आत्याने चार टाके उसवून पुन्हा घालून दाखवावयाचे. ही पद्धत उत्तम खरी; पण ती आत्या हयात असेपर्यंत, आणि पट्टीला कसर लागली नाही तोपर्यंत. वस्तू आणि व्यक्ती या दोहोंवर अवलंबून असलेल्या ज्ञानाची मुदत त्यांच्याबरोबरच संपुष्टात येते.

युरोपातही ही कला फार जुनी नाही. क्रोशाचे छापील नमुने ज्यात प्रथम आढळतात ते ‘पेनेलोपे’ नावाचे डच नियतकालिक १८२३ मधले. पुढे आयर्लंडमधील दुष्काळाच्या काळात, १८४५ नंतर, क्रोशाच्या लेशीने तेथील कित्येक कुटुंबांना दोन घास मिळवून दिले. आणि १८८६ मध्ये तेरेझ द दिल्मों या बाईंचा स्त्रियांच्या हस्तकलांचा ज्ञानकोश प्रसिद्ध झाला, त्यात क्रोशाला भरपूर स्थान मिळाले. पण या सगळ्या काळात नमुना म्हणजे प्रामुख्याने गद्य मजकूर. ‘पाच साखळ्या घाला, पुढचे तीन टाके सोडा, चौथ्यात एक खांब घाला’, अशा आज्ञांची ती फर्माने पानेच्या पाने चालत. त्यातही अडचण अशी की एकाच इंग्रजी नावाने इंग्लंडमध्ये एक टाका ओळखला जातो आणि अमेरिकेत दुसरा. आपण ज्याला मुका खांब म्हणतो त्याला अमेरिकन पुस्तक ‘सिंगल’ म्हणते, इंग्लिश पुस्तक ‘डबल’. अमेरिकन नमुन्यावरून इंग्लिश रिवाजाने विणलेली शाल भलत्याच मापाची होणार, हे ओघाने आलेच.

मराठी घरांत चित्ररूपाने आलेला पहिला नमुना बहुधा चौकटींचा असावा. आलेख कागदावर काही घरे काळी, काही कोरी. कोरे घर म्हणजे एक खांब, दोन साखळ्या, पुन्हा खांब. काळे घर म्हणजे त्या दोन साखळ्यांच्या जागीही खांबच. शेजारच्या घराशी उभी भिंत सामाईक असल्यामुळे वीस घरांच्या ओळीला वीस त्रिक साठ अधिक एक, असे एकसष्ट टाके लागतात. दारावरच्या तोरणातील पोपट, स्वस्तिक, ‘सुस्वागतम्’ ही अक्षरे, हे सर्व याच हिशेबाने उमटले. परंतु चौकटीचा कागद शालीला अपुरा पडतो. कारण शाल ही चौकटींत मावणारी वस्तू नव्हे, ती मानेपासून पसरत जाते, टोकाला निमुळती होते, कडेला झालरते.

त्यासाठी जी चिन्हलिपी उपयोगी पडते, तिला शिस्त लावण्याचे श्रेय प्रामुख्याने जपानकडे जाते. तेथील औद्योगिक मानकांत, बोल्ट-नटांच्या आणि पोलादाच्या बरोबरीने, विणकामाच्या चिन्हांनाही एल ०२०१ हा स्वतंत्र क्रमांक आहे. एका राष्ट्राच्या मानक-संस्थेने आजीच्या सुईला यंत्रशाळेच्या पंक्तीस बसविले, ही गोष्ट मला मोठी रसिकतेची वाटते.

ही लिपी वाचण्यास कठीण नाही. लांबट पोकळ अंडाकृती ही साखळी. भरीव ठिपका म्हणजे उंची न देता नुसता दोरा ओढून केलेला जोड. फुली किंवा अधिक चिन्ह हा मुका खांब. उभा दांडा आणि त्याच्या माथ्यावर आडवी रेघ हा अर्धा खांब. त्याच दांड्याच्या मध्यावर एक तिरपी रेघ आली की तो पुरा खांब, दोन आल्या की लांब खांब. या तिरप्या रेघा शोभेच्या नव्हेत: सुई टाक्यात घालण्यापूर्वी तिच्यावर दोऱ्याचे जितके वेढे घ्यावयाचे तितक्या त्या रेघा. अर्ध्या खांबालाही एक वेढा घ्यावा लागतो, तरी त्याच्या दांड्यावर रेघ नसते, एवढा अपवाद लक्षात ठेवला म्हणजे झाले. तेथे सर्व फेरे एकाच ओढीत सुटतात. दांड्यांचे पाय एका बिंदूत मिळाले तर एकाच टाक्यात अनेक खांब घालावयाचे, म्हणजे वाढ. दांड्यांचे माथे मिळाले तर अनेक खांब एकत्र बंद करावयाचे, म्हणजे घट. पंखा आणि शिंपला ही पहिल्या प्रकाराची अपत्ये.

खरी परीक्षा याच्या पुढे आहे. शिंपल्याच्या खांबांचे पाय काही आकृत्यांत एकमेकांस चिकटलेले दिसतात, काहींत किंचित सुटे. नवशिकी त्याला छपाईचा दोष समजून पुढे जाते. वस्तुतः चिकटलेले पाय सांगतात की खांब खालच्या टाक्याच्या पोटात सुई घालून घाला. सुटे पाय सांगतात की खालच्या साखळ्यांच्या कमानीखालून, त्या मोकळ्या जागेत घाला. पहिला खांब जागचा हलत नाही, दुसरा कमानीवर सरकतो. शालीचा पदर अंगावर कसा पडेल हे बऱ्याच अंशी याच बारीक भेदावर ठरते. त्याचप्रमाणे ओळीचा क्रमांक उजव्या टोकाला लिहिला असेल तर ती ओळ उजवीकडून डावीकडे वाचावयाची, डाव्या टोकाला असेल तर उलट. कारण प्रत्येक ओळीच्या शेवटी काम फिरविले जाते, पण कागद मात्र सदैव सुलट बाजूच दाखवितो. ओळीच्या आरंभी ज्या साखळ्या उभ्या काढलेल्या असतात (मुक्या खांबाला एक, अर्ध्याला दोन, पुऱ्याला तीन, लांबाला चार) त्या नव्या ओळीची उंची गाठण्यासाठी. पुऱ्या खांबाच्या ओळीत त्या तिनांची गणना बहुधा पहिला खांब म्हणूनच होते. ही गणना विसरली की कडेला दर ओळीत एक टाका वाढतो आणि शाल नकळत तिरपी होत जाते. पोकळ त्रिकोण आला की नवा दोरा जोडावा, भरीव आला की कापावा.

नकाशाप्रमाणेच ही आकृतीही सर्व गोष्टी सांगत नाही. पाच साखळ्यांची कमान कागदावर जेवढी लांब दिसते तेवढी ती हातात असेलच असे नाही. चिन्हे जागेच्या सोयीने ताणलेली वा दाबलेली असतात. त्यामुळे मोजावयाचे ते चिन्ह, अंतर नव्हे. मापासाठी वेगळी सोय आहे: ठरलेल्या दोऱ्याने व सुईने दहा सेंटिमीटरचा एक चौरस विणून त्यात किती खांब व किती ओळी बसतात ते पाहावयाचे. हा चौरस विणण्याचा कंटाळा सार्वत्रिक आहे, आणि त्याची शिक्षाही.

शालीच्या आकृतीत बहुधा पहिल्या सहा-आठ ओळीच छापलेल्या असतात. उरलेल्या वाचणारीने तर्काने काढावयाच्या. म्हणून आकृतीमागचे गणित समजणे अगत्याचे. मानेच्या मध्यापासून खाली उतरणारी त्रिकोणी शाल घ्या. पहिल्या ओळीत तीन खांब, दोन साखळ्या, तीन खांब. त्या दोन साखळ्यांतून शालीचा कणा निघतो. शालीची वरची कड सरळ राहावयाची तर ओळी कडेशी आणि कण्याशी पंचेचाळीस अंशांचा कोन करतात, आणि तसे असता प्रत्येक नवी ओळ तिच्या दोन्ही टोकांना स्वतःच्या उंचीएवढी लांबते. पुऱ्या खांबाची उंची त्याच्या रुंदीच्या सुमारे दुप्पट; म्हणजे दोन्ही टोकांना दोन-दोन, असे प्रत्येक अर्ध्या भागात चार खांब वाढले पाहिजेत. संपूर्ण ओळीची संख्या मग ६, १४, २२, ३० अशी आठ-आठांनी चढते आणि पंचविसाव्या ओळीत १९८ खांब भरतात. वर्तुळाकार विणीत हेच गणित बाराच्या पटीत चालते: १२, २४, ३६, ४८, अर्धवर्तुळाकार शालीत त्याच्या निम्मे. संख्या कमी पडली तर कापडाची वाटी होते, जास्त झाली तर झालर. ही झालरच भूमितीच्या कामी आणून दाईना ताइमिन्या या गणितज्ञ बाईंनी १९९७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात अपास्तीय (हायपरबॉलिक) प्रतलाची प्रतिकृती क्रोशाने विणली होती. विद्यार्थ्यांच्या हाती देता येईल असे टिकाऊ प्रतल कागदाचे करून जमेना, ते दोऱ्याने जमले.

आता कोणी विचारील, इतका खटाटोप कशासाठी? तासगावला थंडी अशी किती पडते? पौषात पहाटे द्राक्षबागेत जाताना खांद्यावर काही तरी घ्यावे लागते, एवढीच. आणि घोंगडीची ऊब बाजारात ‘लोकर’ म्हणून मिळणाऱ्या अॅक्रिलिकच्या दोऱ्याला येणार नाही हेही खरे. परंतु प्रश्न उबेचा नाही, आपल्या कामावरील हक्काचा आहे. गोदावरीच्या मुखाशी, आंध्रातील नरसापूर येथे स्कॉटिश मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात क्रोशाची लेस रुजविली. २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही लाभले. त्या उद्योगाचा मारिया मीस यांनी केलेला अभ्यास १९८२ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. त्यातून जे चित्र दिसते ते असे की, एक स्त्री नुसती फुलेच विणते, दुसरी ती जोडते, दोरा व्यापारी देतो आणि तयार माल तोच उचलतो. घरी बसून फावल्या वेळात केलेले काम म्हणून तिच्या श्रमाची मजुरी नाममात्र ठरते. अखंड वस्तूचा आराखडा जिच्यापाशी नाही तिला किंमत ठरविण्याचाही अधिकार उरत नाही, असे माझे मत ते पुस्तक वाचल्यापासून झाले आहे. आकृती वाचणारी स्त्री निदान संपूर्ण शालीची धनीण असते. तिला जपानी नमुना चालतो, रशियन चालतो, आणि पटला नाही तर त्यात फेरफार करण्याचीही तिला मुभा असते.

हातातली विद्या कागदावर आणण्याचे उदाहरण याच परिसरात आहे. कुंडल या गावी जन्मलेल्या आणि विवाहानंतर सांगलीकर झालेल्या कमलाबाई ओगले यांनी १९७० मध्ये ‘रुचिरा’ लिहून, अंदाजपंचे चालणाऱ्या स्वयंपाकाला वाटी-चमच्याचे प्रमाण दिले, आणि सासूवाचून वा आईवाचून संसार थाटणाऱ्या पिढीच्या हाती हक्काचा दस्तऐवज ठेवला. विणकामाच्या बाबतीत आपण अद्याप मुका खांब, अर्धा खांब, पुरा खांब, लांब खांब या नावांतही एकवाक्यता आणलेली नाही. एका घरातला खांब दुसऱ्या घरात लांब खांब असतो. चिन्हाला ही अडचण नाही. म्हणून ज्या भगिनींच्या पेटीत जुन्या पट्ट्या पडून आहेत त्यांनी, कसर लागण्यापूर्वी, एकेक वीण या चिन्हांत कागदावर उतरवून काढावी, खाली विणीचे घरचे नाव आणि ती शिकविणारीचे नाव लिहावे. आणि दिवाळी अंकांच्या संपादकांनी यापुढे विणकामाचा नमुना छापताना शब्दांबरोबर आकृती व आकृतीबरोबर चिन्हांची सूची न चुकता छापावी, अशी माझी त्यांना विनंती आहे.