तांबी ठेवावी की काढावी?

तेंदूपानांचे सूप मांडीवर घेऊन हजाराच्या दराने विड्या वळणाऱ्या सोलापूरच्या पूर्व भागातील एखाद्या स्त्रीने, पाळणा लांबवण्यासाठी बसवलेली तांबी थोड्याच महिन्यांत काढून द्या असा आग्रह धरला, तर त्याचे खापर तिच्या अज्ञानावर फोडणे अन्यायाचे होईल. कारण पाळीत अंगावरून अधिक जाऊ लागले आणि ओटीपोटात कळा येऊ लागल्या, म्हणजे एका बैठकीत काम उरकत नाही, आणि विड्या जितक्या कमी होतात तितकी मजुरीही बुडते.

या त्रासाचे कारण गूढ नाही. सरकारी दवाखान्यांत विनामूल्य बसवली जाणारी ‘कॉपर टी ३८० ए’ तांब्याचे सूक्ष्म आयन सोडून शुक्रजंतूंना निष्प्रभ करते आणि १० वर्षांपर्यंत उपयोगी पडते. मात्र गर्भाशयाला तिची सवय होईपर्यंत, म्हणजे साधारणतः पहिले ३ ते ६ महिने, रक्तस्राव आणि वेदना वाढलेल्या असतात व पुढे बहुतेकींच्या बाबतीत त्या ओसरतात. हे तांबी बसवण्यापूर्वीच, आणि तेही तेलुगू, कन्नड, उर्दू वा मराठी अशा तिच्या घरच्या बोलीत सांगितलेले असले, तर तीच बाई पुष्कळदा धीर धरते. तांबी काळजापर्यंत चढते, ही वदंताही तिच्या कानी आलेलीच असते; अशा वेळी आरोग्यसेविकेने नमुन्याची तांबी तिच्या तळहातावर ठेवावी, गर्भाशयाचे चित्र दाखवावे आणि तेथून काळजाकडे जाणारी वाटच नाही, हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्यावे.

असे समजावणे आणि पुढची विचारपूस राहून गेली, तर काय होते, याचा अनुभव जुना आहे. १९६५ साली ‘लिप्पेस लूप’ हे गर्भाशयातच बसवायचे नागमोडी प्लास्टिकचे साधन देशभर मोठ्या उत्साहाने आणले गेले. परंतु बसवलेल्या लूपांचा आकडा वरिष्ठांच्या दप्तरी पाठवण्याची जितकी घाई झाली, तितकी त्या स्त्रियांची पुढे वास्तपुस्त करण्याची तजवीज झाली नाही, आणि रक्तस्रावाच्या तक्रारींमागोमाग अफवा पसरून ते साधन लोकांच्या मनातून उतरले. असे आकडे वरून ठरवून देण्याचा, म्हणजे लक्ष्यांकांचा, शिरस्ता पुढे १९९६ मध्ये रद्द झाला.

म्हणून समुपदेशनाचा अर्थ मनधरणी असा घेऊ नये. स्राव किती, ताप वा दुर्गंधी आहे काय, दोरा जागेवर आहे काय, रक्त कमी झाले आहे काय, याची खातरजमा करावी. पाळीपुरत्या वेदनाशामक गोळ्यांनी पुष्कळदा उतार पडतो, तो इलाज सुचवावा. दर तीन महिन्यांनी घ्यावयाचे ‘अंतरा’ इंजेक्शन आदी अन्य पर्यायही सांगावेत. इतके करूनही ती ‘काढा’ म्हणाली, तर दुसऱ्या दिवशी या असे न सांगता तांबी तत्काळ काढून द्यावी.