फर्लोतील प्रशिक्षण आणि किमान वेतन

‘फर्लो’ हा शब्द महाराष्ट्रात मुख्यतः कैद्यांच्या रजेसंबंधी परिचित आहे. ब्रिटनच्या कामगार-कायद्यात मात्र २०२० पूर्वी त्याला निश्चित असा पारिभाषिक अर्थच नव्हता. त्या वर्षी २० मार्च रोजी अर्थमंत्री ऋषी सुनाक यांनी कोरोना-साथीच्या काळात रोजगार टिकविण्याची योजना जाहीर केली आणि तिच्याबरोबर हा शब्द रूढ झाला. कामगाराला काम न देता नोकरीवर कायम ठेवावे, आणि त्याच्या वेतनाचा ८० टक्के भाग, दरमहा २,५०० पौंडांच्या मर्यादेत, प्रारंभी सरकारने मालकास द्यावा, असे तिचे स्वरूप होते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी ती संपली, तोवर सुमारे १ कोटी १७ लक्ष नोकऱ्यांना तिचा आधार मिळाला होता.

फर्लोवर असताना नोकरीचा करार अबाधित राही. रजा साठत असे, आणि रजेच्या दिवसांचे वेतन पूर्ण दराने देणे मालकावर बंधनकारक होते. ३१ जुलै २०२० पासून नोकरकपातीची भरपाईही घटलेल्या वेतनावर न मोजता मूळ वेतनावर मोजावी, असा नियम झाला.

खरी गुंतागुंत प्रशिक्षणाची आहे. मालकाला उत्पन्न मिळेल किंवा त्याची सेवा घडेल असे कोणतेही काम फर्लोच्या तासांत कामगाराने करावयाचे नव्हते. प्रशिक्षण घेण्यास मात्र मुभा होती. परंतु किमान वेतनाच्या कायद्यानुसार मालकाने सांगितलेले प्रशिक्षण हे कामच होय. म्हणजे एका नियमाने जे काम नव्हे, तेच दुसऱ्या नियमाने काम ठरले. यावर तोडगा असा निघाला, की प्रशिक्षणाच्या तासांना किमान वेतन मिळालेच पाहिजे, पण फर्लोची रक्कम त्यात जमेस धरावी.

याचा परिणाम आकड्यांत पाहणे उद्बोधक आहे. एप्रिल २०२० पासून २५ वर्षे व त्यावरील कामगारास ताशी ८.७२ पौंड हा किमान दर होता. त्या दराने आठवड्यास ३५ तास काम करणाऱ्याचे वेतन ३०५.२० पौंड, आणि फर्लोची रक्कम २४४.१६ पौंड. ही रक्कम बरोबर २८ तासांच्या किमान वेतनाइतकी भरते. प्रशिक्षण ३० तास झाले, तर वरचे १७.४४ पौंड मालकाने पदरचे द्यावयाचे. २८ तासांपर्यंत मात्र त्याला काहीच अधिक द्यावे लागत नसे. घरी स्वस्थ बसलेला आणि आठवड्यातील २८ तास प्रशिक्षण घेणारा, दोघांच्या हाती तीच रक्कम येई! कायद्याचे उल्लंघन यात नव्हते. पण शिकण्याच्या श्रमाचे मोल शून्य ठरविणारी ही व्यवस्था न्याय्य म्हणणे कठीण आहे. शिवाय दर जितका किमान दराच्या वर, तितकी ही तासांची मर्यादाही वर सरके.

भारतातील ‘ले-ऑफ’ हा याचाच जवळचा नातलग. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली घातलेल्या प्रकरणाने पात्र कामगारास मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई दिली. पण तीसाठी त्याने दिवसातून एकदा तरी ठरल्या वेळी कारखान्यात हजर राहिले पाहिजे, अशी अट होती. त्या रिकाम्या वेळात शिकविण्याचा विचार तेथे नव्हता. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत पुनर्कौशल्य निधी आला आहे. त्यातून १५ दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम मिळते, तीही नोकरकपातीत काढून टाकलेल्या कामगारास.