बेअरिंग गेलंय हे ठरवायचं कसं?

‘बेअरिंग गेलंय’ हे निदान आपण स्कूटरपासून मिक्सरपर्यंत कशालाही लावतो. आवाज आला की बेअरिंग गेलं. इथे अमेरिकेत आमच्या विद्यापीठाच्या तळघरातल्या वर्कशॉपमध्ये एका जुन्या सरफेस ग्राइंडरबद्दल हेच निदान झालं होतं, आणि त्यापुढचं वाक्य होतं, ‘भंगारात काढू या.’ अचूक बेअरिंगचा नवा संच इतका महाग असतो की असं जुनं यंत्र कधी कधी त्याहून स्वस्तात मिळतं. त्यामुळे निदान चुकलं तर पैसेही जातात आणि यंत्रही.

सरफेस ग्राइंडर म्हणजे धातूचा पृष्ठभाग सपाट घासणारं यंत्र. खाली चुंबकी टेबल, त्यावर चिकटलेला जॉब, आणि वर वेगाने फिरणारं ग्राइंडिंग व्हील. टेबल डावी-उजवीकडे सरकतं आणि व्हील दर वेळी काही मायक्रॉन धातू खरवडतं. व्हील ज्या दांड्यावर बसतं तो स्पिंडल. आमच्या यंत्राचं स्पिंडल पट्ट्यावर चालतं आणि मिनिटाला ३४५० फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला ५७.५. तक्रार अशी होती की घासलेल्या पृष्ठभागावर बारीक लाटा दिसत होत्या. प्रकाशात तिरपा धरला की साडीच्या चुण्यांसारख्या समांतर रेघा.

आता एक गोष्ट आधी समजून घ्या, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. स्पिंडलचं टोक थोडं वाकडं फिरत असेल, तर ती मोठी अडचण नाही. व्हील बसवल्यावर आपण त्यावरून हिरा फिरवतो, त्याला ड्रेसिंग म्हणतात. हिरा व्हीलला त्याच स्पिंडलच्या फिरण्याच्या अक्षाभोवती गोल करून घेतो. म्हणजे दर फेऱ्याला नेमकी तशीच होणारी चूक ड्रेसिंगमध्ये पुसली जाते. जी चूक एका फेऱ्यात अशी आणि पुढच्या फेऱ्यात तशी होते, ती मात्र हिरा पुसू शकत नाही. झिजलेलं बेअरिंग नेमकी हीच दुसऱ्या जातीची चूक करतं. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल: कायम दोन ग्रॅम जास्त दाखवणारा काटा चालतो, दर वेळी वेगळं दाखवणारा नाही.

त्यामुळे डायल गेज लावून स्पिंडल हाताने फिरवलं आणि काटा हलला, एवढ्यावर बेअरिंगला दोष देऊ नका. काटा दर फेऱ्याला त्याच जागी परत येतो का, ते पाहा. मग लाकडी दांड्याने स्पिंडल हलकेच वर उचला आणि सोडा. काटा हलला आणि मूळ जागी आला नाही, तर संशयाला जागा आहे.

दुसरा साक्षीदार म्हणजे त्या लाटाच. आमचं टेबल सेकंदाला साधारण २०० मिमी सरकतं. २०० ला लाटांमधल्या अंतराने भागलं की सेकंदाला किती धक्के बसतात ते कळतं. सुमारे ३.५ मिमीवर लाट असेल तर फेऱ्याला एक धक्का, म्हणजे व्हीलचं बॅलन्सिंग बिघडलंय. सुमारे १५ मिमीवर असेल, तर आमच्या एक मीटरच्या पट्ट्याचा सांधा ७५ मिमीच्या पुलीवरून जाताना उडी मारतोय. १.७ मिमीच्या जवळ असेल तर मोटरची गुणगुण, कारण इथली वीज ६० हर्ट्झची आहे आणि मोटर त्याच्या दुप्पट वेगाने थरथरते. बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगवर खड्डा पडला असेल, तर फेऱ्याला छर्ऱ्यांच्या संख्येच्या साधारण ०.४ पट धक्के बसतात.

आमच्याकडे दोन लाटा एकमेकींत मिसळल्या होत्या. मोठी ३.५ मिमीची. व्हील बॅलन्स केल्यावर ती गेली. उरलेली बारीक लाट जवळपास १ मिमीची होती. इथे मी अडखळले. अशा स्पिंडलमधल्या अचूक बेअरिंगमध्ये छर्रे बारा-तेराच्या आसपास असतात. त्या हिशोबाने अंतर ०.७ मिमी यायला हवं होतं. १ मिमीसाठी नऊ छर्रे लागतात.

उघडल्यावर उलगडा झाला. आत ६२०५ क्रमांकाचं साधं बेअरिंग होतं, नऊ छर्ऱ्यांचं, आणि बाहेरच्या रिंगवर बोट फिरवताना जाणवेल असा खड्डा. पूर्वी कुणीतरी ‘दुरुस्ती’ केली होती. यात नवल नाही: ६२०५ आणि स्पिंडलला लागणारं ७२०५, दोघांचंही माप २५ × ५२ × १५ मिमी. एकाच्या जागी दुसरं बिनबोभाट बसतं. फरक आतल्या कोनात आहे. ७२०५ तिरपा दाब घेतं. ते जोडीने, पाठीला पाठ लावून बसवतात आणि त्यांच्या रिंगा अशा घासलेल्या असतात की नट आवळला की छर्रे काही मायक्रॉन दाबले जातात. त्यालाच प्रीलोड म्हणतात. त्यामुळे स्पिंडलला इकडेतिकडे हलायला जागाच उरत नाही.

बसवताना काय सांभाळायचं? जोडीवरच्या बाणाच्या खुणा जुळवा. शाफ्टची बैठक मापून घ्या, ती झिजली असेल तर नवं बेअरिंगही वाया जाईल. बेअरिंग ८० अंश सेल्सिअसच्या आसपास गरम करून शाफ्टवर सरकवा. हातोडी नको, कारण बाहेरच्या रिंगवर मारलेला घाव छर्ऱ्यांमधून जातो आणि पहिल्याच दिवशी खड्डे पडतात. ग्रीस मोकळ्या जागेच्या पाव ते तीस टक्के, जास्त भरलं तर बेअरिंग तापतं. दोन बेअरिंगमध्ये स्पेसर असतील तर आतला आणि बाहेरचा एकाच लांबीचे हवेत, म्हणून ते एकत्रच घासतात. कशावर? सरफेस ग्राइंडरवर. आम्हाला शेजारच्या विभागाचा मागावा लागला.

मागच्या टोकाचं बेअरिंग मात्र पुढेमागे सरकू शकलं पाहिजे. ३०० मिमीचा पोलादी शाफ्ट बाहेरच्या बॉडीपेक्षा १० अंशांनी जास्त तापला तर सुमारे ३५ मायक्रॉन जास्त वाढतो. दोन्ही टोकं जखडली तर त्यापुढे काही मायक्रॉनच्या प्रीलोडचा काय पाड?

मग घाई न करता चालवा. थोडा वेळ चालवायचं, थांबवायचं, बाहेरून तापमान पाहायचं. ६० अंशांपुढे झपाट्याने जायला लागलं तर बंद करून थंड होऊ द्या. व्हील परत लावण्याआधी माठ घेताना मारतो तशी टिचकी मारा, लाकडी मुठीने. खणखणीत वाजलं तरच लावा, आणि पहिला मिनिटभर गार्ड लावून बाजूला उभे राहा. तडा गेलेलं व्हील या वेगाने फुटलं तर माणूस वाचेलच असं नाही.

आमचं यंत्र भंगारात गेलं नाही. बारीक लाट गेली. स्पिंडलचं टोक अजूनही दोन-तीन मायक्रॉन वाकडं फिरतं. पण दर फेऱ्याला तेवढंच आणि तसंच.