दंतशस्त्रक्रियेनंतरचा आहार : पथ्य आणि पोषण

रुग्णालयाच्या एखाद्या विभागाच्या कार्याची सविस्तर ओळख वार्षिक अहवालातून करून द्यावी, अशी आपली प्रथा आहे. यंदा दंत व मुखशल्य विभागाविषयी लिहिताना यंत्रसामग्रीचे वर्णन बाजूस ठेवून रुग्णाच्या आहाराविषयी लिहावे, असे आम्हांस वाटले. हाता-पायावरील जखमेवर पट्टी बांधता येते. तोंडातील जखमेवर ती सोय नाही. प्रत्येक घास आणि प्रत्येक घोट त्या जखमेशेजारूनच जातो. शिवाय दाढ काढलेला रुग्ण बहुधा दोन-तीन तासांत घरी परततो. म्हणजे डॉक्टरांचे काम संपते तेथून शुश्रूषेचा जो मोठा भाग सुरू होतो, तो रुग्णालयात नव्हे, तर घरच्या स्वयंपाकघरात पार पडतो. प्रशासनात काम करणारे आम्ही वैद्यकीय व्यवसायातले नव्हे. पुढील माहिती शल्यचिकित्सक व आहारतज्ज्ञ यांच्याशी वेळोवेळी झालेल्या चर्चेतून संकलित केली आहे. डॉक्टरांनी आपल्या रुग्णाला स्वतंत्र सूचना दिली असल्यास तीच प्रमाण मानावी.

धायरी, नऱ्हे, वडगाव, आंबेगाव हा आपला परिसर. येथे महाविद्यालयांमुळे मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आलेली मुले-मुली खोली घेऊन राहतात आणि मेसचा डबा खातात. अक्कलदाढ त्रास देऊ लागते ती नेमकी याच वयात. लहान कारखान्यांतील आणि बांधकामांवरील कामगार हा दुसरा मोठा वर्ग. नवले पुलाजवळील महामार्गावरच्या अपघातांविषयी वाचकांना वेगळे सांगावयास नको. तोंडावर पडलेल्या दुचाकीस्वाराचा जबडा मोडणे ही तशा अपघातांतील नेहमीची इजा आहे. आणि चौथा वर्ग उरलेसुरले दात काढून कवळीची वाट पाहणाऱ्या ज्येष्ठांचा. या चौघांचे पथ्य सारखे नसते, आणि ते पाळण्याची सोयही सारखी नसते.

दाढ काढल्यावर तिच्या जागी जी पोकळी राहते, तिच्यात रक्ताची गुठळी जमते. ही गुठळी म्हणजे त्या हाडावरचे नैसर्गिक झाकण होय. ती जागेवर राहिली तर जखम आपोआप भरत येते. ती निसटली तर हाड उघडे पडते, आणि साधारणपणे दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास कानापर्यंत पोहोचणारी तीव्र कळ सुरू होते. यालाच ‘ड्राय सॉकेट’ म्हणतात. खालच्या दाढांच्या बाबतीत आणि धूम्रपान करणाऱ्यांत हा त्रास अधिक आढळतो. पहिल्या दिवसाचे बहुतेक नियम या एका गुठळीसाठी आहेत. चूळ भरू नये, थुंकू नये, स्ट्रॉने ओढून काही पिऊ नये. ओढण्याच्या क्रियेने तोंडात जी पोकळी निर्माण होते, तिने गुठळी सुटू शकते. द्रव पदार्थ फुलपात्राने किंवा चमच्याने, दुसऱ्या बाजूने घ्यावा.

भूल उतरण्यास साधारण दोन ते चार तास लागतात. तोवर ओठ व गाल बधिर असल्याने गरम चहाने तोंड भाजले तरी कळत नाही, आणि लहान मुले तर स्वतःचाच ओठ चावून घेतात. म्हणून बधिरता जाईपर्यंत काही न खाणे इष्ट. त्यानंतर थंड किंवा कोमट असे काहीही मऊ चालते. थंडाने ‘सर्दी होईल, जखम चिघळेल’ असे घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात. परंतु पहिल्या दिवशी थंड दूध, साधे आइस्क्रीम किंवा गार ताक याने सूज व रक्तस्राव कमी होण्यास मदतच होते. चोवीस तासांनंतर कोमट पाण्याच्या पेलाभरात अर्धा चमचा मीठ घालून जेवणानंतर हलकेच गुळण्या कराव्यात. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते. ती पाहून घाबरून जेवण बंद करू नये.

आता मुख्य मुद्दा. आजारी माणसासाठी काय करावे हे मराठी घराला शिकवावे लागत नाही. पेज, कण्हेरी, आटवल, गुरगुट्या भात, मुगाचे कढण, नाचणीची आंबील ही परंपरा आपल्याकडे आहेच. अडचण अशी की घाईच्या दिवसांत या परंपरेतील सर्वांत सोपा पदार्थ तेवढा उरतो. तीन दिवस भाताची पेज आणि चहात बुडविलेली बिस्किटे, एवढ्यावर रुग्ण काढतो. पोट भरल्यासारखे वाटते. जखम भरण्यास लागणारी प्रथिने मात्र मिळत नाहीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. साठ किलोच्या व्यक्तीला हे प्रमाण सुमारे ५० ग्रॅम भरते. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, तांदळाच्या पेजेत ती जेमतेम दोन ग्रॅम असतात. तेवढ्याच मुगाच्या डाळीत सुमारे सात, एका अंड्यात सहा, पेलाभर दुधात सहा-साडेसहा. हिशेब वाचकांनीच करून पाहावा.

म्हणून पेज सोडावी असे नव्हे. तिला जोड द्यावी. मऊ भातात निम्मी मुगाची डाळ शिजवून वर साजूक तूप घालावे. वरण घट्ट करून घोटावे. उकडलेले अंडे वरणात किंवा दुधात घालून मिक्सरमधून काढावे. पेलाभर दुधात दोन चमचे दूध भुकटी मिसळली तर घोट तेवढाच राहून पोषण वाढते. नाचणीचे सत्त्व विशेष उपयुक्त, कारण १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पॉलिश केलेल्या तांदळात ते नगण्य असते. मांसाहारी कुटुंबांत मटणाचे अळणी आवर्जून करतात. त्याने तोंडाला चव येते हे खरे, परंतु प्रथिने बव्हंशी मटणातच राहतात. ते मऊ शिजवून त्याच पाण्यात वाटले तरच त्यांचा लाभ होतो. दह्यात कुस्करलेला भात, शिकरण, पपईचा गर हेही चांगले. मिरची, ठेचा, लिंबू, चिंच टाळावी. ती अपायकारक असतात असे नाही, पण झोंबतात, आणि मग रुग्ण पुढचा घासच नाकारतो.

मऊ दिसणारा प्रत्येक पदार्थ मात्र सोयीचा नसतो. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी मऊ म्हणून दिली जाते. परंतु साबुदाणा चिकटतो, आणि दाण्याच्या कुटाचे कण थेट जखमेच्या खाचेत जाऊन बसतात. तीळ, खसखस, रवाळ लाडू, खारी आणि टोस्टचा चुरा यांचेही तसेच. उपवास मोडावयाचा नसेल तर वरीच्या तांदळाची पातळ पेज, उकडून कुस्करलेले रताळे, राजगिऱ्याच्या पिठाची खीर, ताक यांवर दिवस चांगला निघतो. साधी दाढ काढली असेल तर तीन-चार दिवसांत, आणि हाड कापून अक्कलदाढ काढली असेल तर आठ-दहा दिवसांत, दुधात किंवा आमटीत कुस्करलेल्या भाकरीपर्यंत यावे. चिवडा, फुटाणे, चिक्की यांची पाळी सर्वांत शेवटी.

जबडा मोडलेल्या रुग्णाची गोष्ट वेगळी. काही रुग्णांचे वरचे व खालचे दात तारेने एकमेकांस बांधून जबडा स्थिर केला जातो, तो साधारणतः चार ते सहा आठवडे. हल्ली धातूच्या पट्ट्या बसवीत असल्याने अनेकांना बांधून ठेवावे लागत नाही, तरी मऊ आहार तितकाच काळ घ्यावा लागतो. तोंड बांधलेल्या रुग्णाला सर्व अन्न वाटून, गाळून, दुधाइतके पातळ करून चमच्याने अथवा नळी लावलेल्या सिरिंजने गालाच्या आतून द्यावे लागते. एका वेळी थोडेच जात असल्याने दिवसातून सहा ते आठ वेळा द्यावे. दर आठवड्यास वजन करावे. ते उतरत असल्यास पुढच्या तपासणीची वाट न पाहता कळवावे. अशा रुग्णाला दाढ काढलेली नसल्यास डॉक्टर स्ट्रॉची परवानगी देतात. शेजारच्या खाटेवरील रुग्णाचा नियम आपल्या रुग्णाला लावू नये, तो याचसाठी. तार कापण्याची पक्कड उशाशी ठेवावी आणि कोणती तार कापावयाची हे घरी जाण्यापूर्वी नातेवाइकाने समजून घ्यावे. उलटी झाल्यास रुग्णाला पुढे वाकवावे, म्हणजे द्रव बाहेर पडून जातो.

औषधांचा आहाराशी असलेला संबंध अनेकदा दुर्लक्षित राहतो. वेदनाशामक गोळी रिकाम्या पोटी घेतल्यास जठराला त्रास होतो. आधी निदान पेलाभर दूध घ्यावे. मेट्रोनिडाझोल या गोळीने तोंड धातूसारखे कडवट लागते, ती चालू असताना आणि ती संपल्यावर दोन दिवस मद्य पूर्ण वर्ज्य. सर्वांत जपावयाचे ते मधुमेही रुग्णास. तोंड दुखते म्हणून जेवण निम्मे झाले, गोळी किंवा इन्सुलिन मात्र नेहमीइतकेच घेतले, तर रक्तातील साखर धोक्याच्या पातळीखाली जाऊ शकते. घाम, थरथर, गोंधळलेपणा ही तिची लक्षणे होत. शुद्धीवर असलेल्या रुग्णाला तत्काळ साखरपाणी द्यावे आणि डॉक्टरांना गाठावे. औषधाची मात्रा कशी बदलावी हे शस्त्रक्रियेपूर्वीच विचारून ठेवावे. स्वतःच्या मनाने औषध बंद करू नये.

द्रव आहारात पाणी पुष्कळ जाते, तेव्हा पाण्याविषयीही लिहिणे आवश्यक आहे. जानेवारी २०२५ मध्ये किरकटवाडी, नांदेड, धायरी या सिंहगड रस्ता परिसरात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले आणि दूषित पाण्याकडे बोट दाखविले गेले. ती आठवण ताजी आहे. ताक, सरबत, भुकटीचे दूध यांसाठी उकळून गार केलेलेच पाणी वापरावे. पातळ हवे म्हणून रस्त्यावरील बर्फ घातलेला उसाचा रस आणू नये.

एवढे सांगून झाल्यावरही एक प्रश्न शिल्लक राहतो, आणि देणगीदारांपुढे तो मांडणे हा या लेखाचा एक हेतू आहे. घरी पेज करावयास कोणी नाही, त्याने काय करावे? खोलीत गॅस नसलेल्या विद्यार्थ्याच्या डब्यात पोळी-उसळ येते. पत्र्याच्या खोलीत चौघांत राहणारा कामगार दाढ काढल्यावर वडापाव खाऊ शकत नाही, म्हणून चहावर राहतो आणि तिसऱ्या दिवशी रोजंदारी बुडू नये म्हणून उपाशीपोटी कामावर जातो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली, मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ मधील आदेशानुसार धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठीची योजना राबविली जाते. तीत रुग्णालय भोजन देत असल्यास त्याची आकारणी निर्धन रुग्णाकडून होत नाही. परंतु ही तरतूद खाटेवरील रुग्णास उपयोगी. दोन तासांत घरी गेलेल्याचे पुढचे सात दिवस कोणत्याच खात्यात बसत नाहीत. आमच्या हिशेबाच्या वहीत शस्त्रक्रियेला रकाना आहे, औषधाला आहे, त्या सात दिवसांच्या पेजेला नाही.

यावर आहार विभागाने सुचविलेला उपाय साधा आहे. भाजलेल्या नाचणीचे पीठ ६० ग्रॅम, भाजलेल्या मूगडाळीचे पीठ ३० ग्रॅम आणि साय काढलेल्या दुधाची भुकटी २० ग्रॅम, अशी कोरडी पुडी. तिच्यात सुमारे १८ ग्रॅम प्रथिने असतात. पिठे बारीक चाळणीने चाळलेली असावीत. दोन्ही पिठे पाण्यात कालवून दहा मिनिटे शिजवावीत, खाली उतरवून भुकटी मिसळावी, आणि गूळ किंवा मीठ आवडीप्रमाणे घालावे. मेसच्या मावशी किंवा कोपऱ्यावरचा चहावाला हे सहज शिजवून देऊ शकतात. ज्यांना घरी करणे शक्य आहे त्यांनीही हेच प्रमाण वापरावे. मधुमेह्यांनी गूळ वगळावा. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

वाढदिवस, पुण्यतिथी अशा निमित्ताने अनेक स्नेही रुग्णांना फळे वाटण्यासाठी येतात. त्या भावनेचा आम्हांस आदर आहे. पण मुखशल्य विभागातील रुग्णाच्या हाती सफरचंद देऊन छायाचित्र काढले जाते, तेव्हा ते त्याला चावता येत नाही, हे सांगण्याचा संकोच आम्ही यापुढे करणार नाही. त्याऐवजी नाचणी, सालीविरहित मूगडाळ, दूध भुकटी यांपैकी काहीही द्यावे. पिठे मात्र दळून आणू नयेत. धान्य आणावे, कारण दळलेले पीठ लवकर खराब होते. वस्तुरूपाने आलेल्या प्रत्येक देणगीची नोंद स्वतंत्र वहीत होते आणि तिची पोच कार्यालयातून दिली जाते. भुकटीच्या पुड्यांवरील वापरण्याची अंतिम तारीख निदान सहा महिने पुढची असावी.