सेलेनियम: बंध जोडणारं, स्वतः सुटणारं

केंब्रिजमध्ये 1990 साली संशोधकांनी एका पॉलिमरच्या पातळ थरातून वीज खेळवली आणि तो हिरवट-पिवळ्या प्रकाशाने उजळला. हे पॉलिमर म्हणजे पीपीव्ही. बेंझीनचं कडं, मग कार्बन-कार्बन द्विबंध, पुन्हा कडं, अशी त्याची साखळी असते. एकाआड एक येणाऱ्या बंधांमुळे इलेक्ट्रॉन साखळीभर पसरतात. त्याचं हे तेज त्यातूनच येतं.

असे द्विबंध जोडणं मात्र सोपं नाही. पीपीव्हीचा सर्वांत छोटा तुकडा म्हणजे स्टिल्बीन: दोन कडी आणि मधे एक द्विबंध. विटिग अभिक्रियेने 180 ग्रॅम स्टिल्बीन बनवताना 278 ग्रॅम ट्रायफिनाइल फॉस्फिन ऑक्साईड मागे उरतं आणि ते वेगळं काढणं जिकिरीचं असतं. पॅलेडियम वापरणारी हेक अभिक्रिया प्रभावी आहे. पण धातूचे अंश पॉलिमरमध्ये राहिले, तर उपकरणाची कार्यक्षमता घसरते.

म्हणून धातूविना चालणारे सेंद्रिय उत्प्रेरक महत्त्वाचे ठरतात. अमेरिकेत पॅट्रिक वॉल्श यांच्या गटाने गंधकाच्या सल्फेनेट आयनाने बेंझिल क्लोराईडपासून स्टिल्बीन बनवून दाखवलं. आवर्तसारणीत गंधकाखालच्या घरात सेलेनियम आहे. सेलेनेनेट आयनही हेच काम करतो.

चक्र असं चालतं. सेलेनियम बेंझिल क्लोराईडला चिकटतं आणि क्लोराईड बाहेर पडतं. तयार झालेल्या सेलेनॉक्साईडमधला शेजारचा हायड्रोजन सैल होतो. अल्कली तो ओढून घेते. आता ऋणभारित झालेला कार्बन दुसऱ्या बेंझिल क्लोराईडला जाऊन भिडतो. शेवटी सेलेनियमचा गट एक हायड्रोजन घेऊन निघून जातो, मागे द्विबंध उरतो आणि अल्कलीमुळे उत्प्रेरक पुन्हा कामाला सज्ज होतो. रेणूच्या दोन्ही टोकांना क्लोरोमेथिल गट असतील, तर हीच जोडणी पुढे चालत जाते आणि साखळी वाढते.

शेवटच्या टप्प्यातच सेलेनियमची खरी सरशी दिसते. कार्बन-सेलेनियम बंध कार्बन-गंधक बंधापेक्षा कमकुवत असतो. सल्फॉक्साईडमधला गंधकाचा गट सहसा तापवल्यावर सुटतो, तर सेलेनॉक्साईडमधला सेलेनियमचा गट अनेकदा साध्या तापमानालाच.

सेलेनियमची अनेक संयुगं विषारी आणि उग्र वासाची असतात, त्यामुळे ती काटेकोरपणे हाताळावी लागतात आणि उत्पादनातून पूर्णपणे काढावी लागतात. तरीही ही वाट जपायला हवी. उत्तम उत्प्रेरकाची ओळख घट्ट धरण्याइतकीच वेळेवर सोडण्यात आहे, आणि सेलेनियमला दोन्ही जमतं.