वरणाचे पाणी की वरण?

पालक शाळेत भेटायला आले की एक प्रश्न हमखास निघतो : मूल अंगाने भरत नाही, त्याला प्रोटीन पावडरचा डबा सुरू करावा का? म्हणून या अंकात प्रथिनांविषयी थोडे लिहीत आहोत.

प्रथिनांपासून स्नायू, रक्त, त्वचा, केस बनतात, रोगाशी लढण्याची ताकदही त्यांतूनच येते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली ठरवलेल्या प्रमाणानुसार एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १२.५ ग्रॅम, चार ते सहा वर्षांच्या मुलाला १६ ग्रॅम आणि सात ते नऊ वर्षांच्या मुलाला २३ ग्रॅम प्रथिने लागतात. हे आकडे पुष्कळांना वाटतात त्यापेक्षा लहान आहेत. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, १५० मिलिलिटर दुधात ५ ग्रॅम आणि मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम सुक्या अळसांद्यांत ७ ग्रॅम प्रथिने असतात.

मग अडते कुठे? बहुतेक वेळा पेजेत. उकड्या तांदळाची पेज आम्हालाही प्रिय आहे, पण तिच्यात पाणी जास्त. लहान मुलाचे पोट तेवढ्याने भरते आणि ४० ग्रॅम तांदळाच्या पेजेतून मिळतात जेमतेम ३ ग्रॅम प्रथिने. शिवाय तांदळाच्या प्रथिनात लायसिन नावाचा घटक कमी असतो, तो कडधान्यांत भरपूर असतो. म्हणून पेजेबरोबर नुसते लोणचे न देता अळसांद्यांचे तोंडाक, मुगागाठी किंवा कुळथाची पिठी द्यावी. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात अळसांदे, कुळीथ सहज मिळतात.

वरणाच्या वरच्या पाण्याचेही तसेच. बाळाला ते पौष्टिक म्हणून पाजतात, पण प्रथिने तळाच्या डाळीत राहतात. डाळ मऊ शिजवून, घोटून, भातात कालवून भरवावी.

ज्या घरी नुस्त्यावरच सारी भिस्त असते, त्यांनी पावसाळ्याचा विचार आधी करावा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, नुस्ते महाग, पाठोपाठ श्रावण. अडीच-तीन महिने बांगडा नाही आणि बदली काहीच नाही, असे मोठ्या माणसाला चालून जाईल, वाढत्या मुलाला नाही.

आता डब्याविषयी. निरोगी मुलाला त्याची गरज नाही. मुलांसाठी विकल्या जाणाऱ्या कित्येक पावडरींत साखरच फार असते. एकदा लेबल वाचून पाहा. त्या पैशांत किती किलो अळसांदे येतील, हा हिशेब घरोघरी करून पाहण्यासारखा आहे. मुळात भात, खोबरे, तूप पोटभर मिळाले नाही तर शरीर प्रथिनेच इंधन म्हणून जाळते. सकाळी बिस्किट-चहा घेऊन आलेल्या मुलाला संध्याकाळची पावडर काय वाढवणार?

मुलांनो, हे तुमच्यासाठी. सरकारी नियमाप्रमाणे प्राथमिक वर्गांच्या माध्यान्ह आहारात ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने अपेक्षित आहेत. पाव खाऊन भाजी टाकून दिली की त्यातला मोठा वाटा उष्टावळीत जातो. वाटाणे, चवळी वेचून बाजूला काढणारे आम्ही रोज पाहतो!

कडधान्ये रात्री भिजत घालून मोड आणल्यास पचायला हलकी होतात. चार-पाच वर्षांखालील मुलांना शेंगदाणे अख्खे देऊ नयेत, घशात अडकतात; कूट करून द्यावेत. मासळीचे काटे बोटांनी चाचपून काढावेत. आणि नीट खाऊनही दोन-तीन महिने मुलाचे वजन वाढत नसेल, तर औषधाच्या दुकानात न जाता जवळच्या आरोग्य केंद्रात न्यावे. जंत किंवा रक्तक्षय असला तर तो तिथेच कळतो.