‘लोकेशन कुठलं?’ विचारताय? ती भिंत डोंबिवलीच्या गच्चीवर दोन प्लायच्या जोरावर उभी असते

इन्स्टा स्क्रोल करताना एक फोटो समोर येतो. नऊवारीतली मुलगी, मागं पोपडे उडालेली निळी भिंत, कोनाड्यात समई, बाजूनं पडलेलं तिरपं ऊन. खाली कमेंट ठरलेली असते, ‘लोकेशन कुठलं?’ कुणी वाई म्हणतं, कुणी थेट राजस्थानला पोचतं.

पण असा फोटो डोंबिवलीतल्या एखाद्या बिल्डिंगच्या गच्चीवर किंवा ठाण्यातल्या भाड्याच्या गाळ्यातही निघू शकतो. तिथं भिंत म्हणजे दोन प्लाय असतात, पोपडे म्हणजे पुट्टी आणि ऊन म्हणजे स्टँडवर लावलेला एक लाइट.

या प्रकाराला कोलॅब शूट म्हणतात. फोटोग्राफर, मॉडेल, मेकअप आर्टिस्ट, कपडे शिवणारा डिझायनर आणि सेट करणारा, असे चारपाच जण एकत्र येतात. कुणी कुणाला पैसे देत नाही, प्रत्येकाला आपल्या पोर्टफोलिओसाठी फोटो मिळतात. बाहेरच्या देशांत याला ‘टीएफपी’ म्हणायची पद्धत आहे, म्हणजे ‘टाइम फॉर प्रिंट्स’. तुम्ही वेळ द्या, आम्ही फोटोच्या प्रती देतो, असा तो रोखठोक सौदा.

ऐकायला बरोबरीचा वाटतो. पण शूट संपल्यावर कॅमेरा बॅगेत जातो, कपडे डिझायनरकडे परत जातात, मेकअपचा थोडा माल संपतो. प्लाय, रंग, कापड आणि टेम्पोचं भाडं मात्र ज्यानं सेट केला त्याच्या खिशातून गेलेलं असतं. त्याचं काम जितकं चांगलं, तितकी ती भिंत खरी वाटते, आणि खरी वाटली की ती कुणीतरी बांधली असेल हे कुणाच्या डोक्यातही येत नाही.

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात सेट बांधता येणारे हात कमी नाहीत. गणपतीचं मखर, मंडळाचा देखावा, कॉलेजची एकांकिका, गुढीपाडव्याच्या शोभायात्रेतला चित्ररथ, हे सगळं सेट डिझाइनच आहे, फक्त त्याला तसं कुणी म्हणत नाही. ठाण्यात गडकरी रंगायतन, डोंबिवलीत सावित्रीबाई फुले कलामंदिर, कल्याणात अत्रे रंगमंदिर, म्हणजे नाटकाचा सेट लागताना आणि निघताना बघायची सोयही घराजवळच आहे. घोडबंदर रोडला मालिकांचे सेट लागतात ते वेगळंच. आणि नटूनथटून फोटो काढायची हौस म्हणाल, तर दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर एक चक्कर मारली तरी पुरे.

यात जुनी ओळखही आहे. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आधी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवायचे. पुढं महाराष्ट्र फिल्म कंपनी काढल्यावर त्यांनी सिनेमासाठी सपाट रंगवलेल्या पडद्यांऐवजी खोली असलेले सेट उभे केले. कारण साधं होतं. नाटकात प्रेक्षक लांब बसतो आणि रंगवलेला खांब खांब म्हणून चालवून घेतो. कॅमेरा जवळ जातो, आणि रंगवलेल्या खांबाची सावली पडत नाही हे त्याला लगेच कळतं.

मात्र फोटोच्या सेटला एक मोठी सवलत असते. तो एकाच जागेवरून खरा दिसला की झालं. म्हणून सुरुवात सुतारकामापासून नाही, मोजमापापासून करायची असते, आणि नवशिके नेमके इथंच पैसे घालवतात.

समजा फुल फ्रेम कॅमेरा आहे, ५० मिमी लेन्स आहे आणि फोटो उभा काढायचाय. साडेपाच फूट उंचीची मॉडेल डोक्यापासून पायापर्यंत हवी, म्हणजे तिच्या जागी साधारण ७ फूट उंचीची चौकट लागणार. त्यासाठी कॅमेरा तिच्यापासून जवळपास १० फूट मागं न्यावा लागतो. भिंतीवर तिची सावली पडू नये म्हणून भिंत तिच्या मागं ४ फुटांवर. तिथं चौकटीत येणारी रुंदी भरते साडेसहा ते पावणेसात फूट. प्लायचा तक्ता मिळतो ८ बाय ४ फुटांचा. म्हणजे दोन तक्ते शेजारी उभे केले की ८ बाय ८ ची भिंत तयार होते, आणि कॅमेरा जमिनीपासून ३ फुटांवर ठेवला तर वरची कडही जेमतेम सांभाळली जाते. तिसरा तक्ता आणायची गरजच नाही.

गोची जागेची होते. १० अधिक ४ फूट आणि फोटोग्राफरला उभं राहायला आणखी ३, म्हणजे १७ फूट सरळ जागा हवी. वन बीएचकेचा हॉल इतका लांब क्वचितच असतो. ३५ मिमी लेन्स लावली तर कॅमेरा ७ फुटांवर येतो, पण मग प्लायच्या वर घराचं छत डोकावतं आणि कडेच्या वस्तू ताणल्यासारख्या दिसतात. म्हणून मंडळी गच्चीवर जातात. तिथं आधी सोसायटीची परवानगी हवी, आणि पाठोपाठ वारा येतो. ८ फुटी प्लाय वाऱ्यात शिडासारखा वागतो. नाटकवाले फ्लॅटला मागून तिरका टेकू देतात आणि त्याच्या पायावर वजन ठेवतात. तेच इथं करायचं, वाळूच्या पिशव्या नसतील तर पाण्याचे भरलेले कॅन चालतात.

मटेरियलमध्ये मोठा बदल झाला तो २०१८ मध्ये. मखराची सवय असलेल्या हातांना थर्माकोल सोपा वाटायचा, कोरायला हलका, उचलायला हलका. त्या वर्षी राज्य सरकारच्या प्लास्टिकबंदीत सजावटीचा थर्माकोलही आला. झालं ते बरंच झालं, कारण गरम लाइटशेजारी थर्माकोल ठेवणं म्हणजे आगीला आवतण. आता पुठ्ठा, बांबू आणि कापड यांवर काम चालतं. कापडात स्वस्त आणि मस्त तो मांजरपाट. लाकडी चौकटीवर ताणायचा, खळ लावून वाळवायचा आणि वर डिस्टेंपर बोळ्यानं थापायचा. ब्रश ओढला की रेघा उमटतात आणि भिंत नवी कोरी वाटते. कापडाचे गठ्ठे तयार होणारी भिवंडी शेजारी आहे आणि जुन्या-नव्या फर्निचरसाठी उल्हासनगर आहेच.

विजेचं गणितही आधीच करून ठेवलेलं बरं. १००० वॉटचे दोन हॅलोजन मिळून साधारण पावणेनऊ अँपिअर ओढतात. घरातला छोटा प्लग असतो ६ अँपिअरचा. एक्स्टेंशन बोर्ड लावून तो भार कमी होत नाही, फक्त वितळणारी जागा बदलते.

साध्या सेटमधून मोठं काम निघतं याचा दाखला अमेरिकन फोटोग्राफर अर्व्हिंग पेन यांचा. १९४८ मध्ये त्यांनी दोन फ्लॅट चिंचोळ्या कोनात उभे केले आणि नामवंतांना त्या कोपऱ्यात उभं करून पोर्ट्रेट काढली. १९५० मध्ये पॅरिसमध्ये त्यांना नाटकाचा एक जुना पडदा मिळाला, तो त्यांनी पुढं अनेक दशकं वापरला.

आता मूळ दुखण्याकडे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारी व्यक्ती. मोबदला देऊन फोटो काढून घेतला असेल तर मालकी काढून घेणाऱ्याकडे जाते, पण कोलॅबमध्ये पैशाचा व्यवहारच नसतो, त्यामुळं ती साधारणपणे फोटोग्राफरकडेच राहते. सेटवाल्यानं त्यात पंधरा रात्री घातल्या असल्या तरी फोटोवर त्याचा हक्क आपोआप येत नाही. उद्या एखाद्या ब्रँडनं तो फोटो विकत मागितला, तर सेटवाल्याला किती मिळणार हे आधी ठरलेलं असेल तरच मिळणार.

बाहेर या कामाला निदान नाव तरी आहे. टिम वॉकर यांच्या फॅशन फोटोंसाठी वर्षानुवर्षं सेट करणाऱ्या शोना हीथ यांना २०२४ मध्ये ‘पुअर थिंग्ज’ या सिनेमासाठी प्रॉडक्शन डिझाइनचं ऑस्कर विभागून मिळालं.

आपल्याकडे निदान ग्रुपवर चार ओळींचा मेसेज तरी पडायला हवा, आणि तोही प्लाय आणायच्या आधी. मटेरियलचा खर्च कोण किती देणार, एडिट केलेले किती फोटो कुणाला कधी मिळणार, फोटो विकला गेला तर वाटा काय, टॅगमध्ये कुणाकुणाची नावं. ‘सेट’ असं लिहून पुढं त्याचं नाव, इतकंच. मैत्रीत कसं मागायचं म्हणून हा मेसेज राहून जातो आणि दुसऱ्या शूटला सेटवाला फोन उचलत नाही.

शूट संपल्यावर फ्लॅट ठेवायचे कुठं हा शेवटचा प्रश्न. जिन्यात ठेवले की दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी दारात. म्हणून जाणती मंडळी खिळ्यांऐवजी स्क्रू वापरतात, चौकट सुटी करतात आणि कापड गुंडाळून माळ्यावर टाकतात. भाद्रपद आला की तीच निळी भिंत खाली उतरते, तिच्यावर नवा रंग चढतो आणि ती गणपतीच्या मागं उभी राहते.